एकोणचाळीस ओळी

"सेन्सरची बॅटरी गेली होती, एवढंच लिहा," साहेब म्हणाले. "एक ओळ. कुणाचंच नाव येत नाही."

"बॅटरी चालू होती, साहेब."

"मास्तर, बॅटरी काय साक्ष द्यायला येणार आहे?"

आकडेमास्तरांनी कॉम्प्युटरवरची नोंद पुन्हा उघडली. वृद्धाश्रमात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. एकशे बारा खोल्या. प्रत्येक खोलीत दाराला, पलंगाखाली, नळाशी, छताजवळ चिकटवलेल्या पांढऱ्या डब्या. कोण उठले, कोण आडवे झाले, पाणी किती वेळ वाहिले, हे त्या डब्या दर मिनिटाला कळवत. त्यातले खरे कोणते आणि पडदा हलल्यामुळे आलेले खोटे कोणते, हे निवडत मास्तर अकरा वर्षे तळघरात बसले होते. बाथरूममध्ये कुणी वीस मिनिटांहून जास्त राहिले, की वर सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजे. ही वीस मिनिटेही मास्तरांच्याच कॉम्प्युटरवर ठरत.

तीन आठवड्यांपूर्वी सत्तावीस नंबरच्या बाई काठी टेकत तळघरात उतरल्या होत्या. बाईंनी उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासली होती. नोटीस बोर्डावरचे मास्तरांचे ऱ्हस्व-दीर्घ त्या लाल पेनाने दुरुस्त करत आणि खाली 'पाहिले' असे लिहीत.

"घंटा तूच वाजवतोस ना रे?"

"मी नाही बाई, ती आपोआप वाजते."

"आपोआप काही होत नसतं. कुणीतरी ठरवलेलं असतं." धाप लागल्यामुळे त्या खुर्चीत टेकल्या. "मला सकाळी वेळ लागतो. अर्धा तास, कधी पाऊण. वीस मिनिटं झाली की दोन पोरी धाडकन दार उघडतात. मी कशी बसलेली असते, तुला सांगायला नको. रोज, बरं का. आता मी सकाळी जेवढं टाळता येईल तेवढं टाळते."

मास्तरांना कुठे बघावे कळेना.

"एवढी तरी लाज राहू दे माझी," त्या म्हणाल्या.

नियमाप्रमाणे अर्ज, डॉक्टरांची सही, साहेबांची सही लागली असती. महिना गेला असता. त्या वर गेल्यावर मास्तरांनी सत्तावीस नंबरसमोरचे वीस खोडून नव्वद केले. कुणाला सांगितले नाही. दोन दिवसांनी सिस्टरने जिन्यात सांगितले, "सत्तावीसच्या बाई हल्ली शांत आहेत हो. परवा चक्क गुणगुणत होत्या." ते ऐकून मास्तर दिवसभर खुशीत होते.

त्या मंगळवारी बाई सहा वाजून चार मिनिटांनी बाथरूममध्ये गेल्या. घंटा वाजली सात-चौतीसला. सिस्टर धावली तेव्हा सगळे संपले होते.

आत दोन डब्या होत्या. एक छताजवळ, एक जमिनीलगत. खालच्या डबीच्या नोंदी नुसत्या साठून राहत. त्यांच्यावरून घंटा वाजवायची सोय करा, असे मास्तरांनी दोनदा लिहून दिले होते आणि साहेबांनी दोन्ही वेळा ते पुढच्या वर्षावर ढकलले होते. सहा-बाराला वरची डबी गप्प झाली. खालची गप्प झाली नाही.

"पुढच्या वर्षी पाहू म्हणालो, ते मीही विसरलेलो नाही," साहेब आता हळू आवाजात म्हणाले. "दोघंही बुडू. म्हणून सांगतोय, बॅटरी लिहा."

घरी बायकोनेही तेच सांगितले. "मेलेलं माणूस परत येणार आहे का? कशाला आपल्या पोटावर पाय आणता?" दुसऱ्या दिवशी त्यांनी होते तसे लिहून दिले: वेळ कुणी बदलली, कधी बदलली, परवानगी नव्हती. खालच्या डबीबद्दल दोनदा लिहून दिलेले कागदही जोडले. संध्याकाळपर्यंत त्यांना कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले. साहेबांवरही चौकशी बसली, असे सिस्टरने सांगितले.

पुढच्या सकाळी ते टेबल आवरत असताना बाईंची मुलगी तळघरात आली. चाळिशीची असेल. डोळे कोरडे होते.

"साहेब म्हणाले, आई लगेच गेली. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. तुमच्याकडे मिनिटामिनिटाची नोंद असते म्हणे."

"असते." मास्तर उभे राहिले. "आधी एक सांगतो. घंटा वीस मिनिटांनी वाजायची, ती मी नव्वद केली होती."

"कुणी सांगितलं होतं करायला?"

'बाईंनीच विनवलं होतं' हे शब्द त्यांच्या अगदी जिभेवर आले. एका वाक्यात निम्मे ओझे उतरले असते.

"मीच केली," ते म्हणाले.

"का?"

"वाटलं, त्यांना निवांतपणा मिळेल."

"निवांतपणा," ती म्हणाली. "लगेच गेली ना ती? तेवढं खरं सांगा."

हो म्हणणे किती सोपे होते. तिलाही तेच ऐकायचे होते.

"नाही," मास्तर म्हणाले. "सहा-बारापासून सहा-पन्नासपर्यंत जमिनीलगत हालचाल आहे."

तिने खुर्चीची पाठ धरली. मास्तर पाणी द्यायला वळले, तर तिने हातानेच नको म्हटले. "मला ते छापून द्या."

"तुमच्याने वाचलं जाणार नाही हो."

"आई माझी होती. द्या."

त्यांनी छापून दिले. एकोणचाळीस ओळी, प्रत्येकीत वेळ आणि पुढे 'हालचाल आहे'. कागद घेऊन ती जिना चढून गेली. माफ केले असे तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हते, आणि मास्तरांनी तशी आशाही धरली नव्हती.

किल्ली देऊन, पिशवी घेऊन ते बाहेर पडले तेव्हा दुपारचे ऊन होते. फाटकापाशी बाकावर ती बसली होती. कागद मांडीवर ठेवून, एकेका ओळीवर बोट टेकवत वाचत होती. एका ओळीवर बोट पुष्कळ वेळ थांबे, मग खाली सरके. बाहेर जायची वाट तिच्या समोरूनच होती. रस्त्यावर बस येऊन थांबली आणि निघून गेली.

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली आणि तिचे वाचून होईपर्यंत ते भिंतीपाशी उभे राहिले.