आर्विदचं कोठार

एका पेशंटच्या हृदयाची सोनोग्राफी चालू असताना पडद्यावर क्षणभर आदल्या पेशंटचं हृदय दिसलं. त्रोनहाइम शहरातल्या एका इस्पितळातून तशी तक्रार आली आणि ते यंत्र बनवणाऱ्या आमच्या ऑफिसात सगळ्यांनी विल्डेकडे पाहिलं. पडद्याचा प्रोग्राम तिचा, त्यात ती नवी. सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर तिला या कामावरून काढणार, असं साहेबांनी सांगून टाकलं. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय, असा मला दाट संशय होता.

वापरून परत केलेल्या मेमरीला एखाद्या प्रोग्रामनं पुन्हा हात लावला तर पकडणारा तपासणीचा प्रोग्राम आमच्याकडे होता. तो म्हणत होता, एकही चूक नाही.

"तो आंधळा आहे," विल्डे जेवताना म्हणाली. "आर्विद, तुझ्या कोठारामुळे."

आमचा सगळ्यात जुना प्रोग्रामर आर्विद पावावर ब्राउन चीजचे काप ठेवत होता. कोठार म्हणजे त्याची तरुणपणची कमाई, त्यानं लिहिलेला मेमरी वाटणारा प्रोग्राम. आमचं यंत्र मेमरीसाठी दर वेळी कॉम्प्युटरपुढे हात पसरत नाही. कोठार सुरुवातीलाच भला मोठा तुकडा घेऊन ठेवतं, त्यातून मागेल त्याला देतं, काम झालं की परत घेतं. आमचा सगळा वेग त्यातच आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

"तू शाळेतही जात नव्हतीस, तेव्हापासून चालतंय ते," आर्विद म्हणाला.

"चालतंय रे! पण बाहेरून बघणाऱ्याला अख्खी इमारत भाड्यानं गेलेली दिसते. कुठली खोली रिकामी झाली ते फक्त कोठाराला ठाऊक. खोली सोडलेला माणूस जुन्या किल्लीनं परत आत शिरला, तर तपासणाऱ्याला कळणार कसं? कोठारानं सांगायला नको?"

"आणि शिरणारी तूच निघालीस तर?"

"तर निघेन. पण कळू दे की!"

आर्विद कॉफी अर्धी टाकून उठला. मला त्याचा रागच आला. म्हटलं, बसला रुसून.

दुपारी त्यानं आम्हाला बोलावलं. कोठारात त्यानं स्वतःच मोजक्या ओळी घातल्या होत्या: परत आलेला प्रत्येक तुकडा तपासणाऱ्याला 'बंद' म्हणून कळवायचा. एवढंसं काम इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही, कारण 'चूक नाही' हे ऐकायला आम्हा सगळ्यांनाच गोड लागत होतं.

यंत्र सुरू केलं आणि तपासणाऱ्यानं लगेच बोंब मारली. चित्राची मेमरी कोठाराला परत केल्यावरही तिचा पत्ता जवळ ठेवून तेच जुनं चित्र पुन्हा पडद्याकडे पाठवणारी एक ओळ होती. ती विल्डेची नव्हती. आर्विदच्याच दुसऱ्या एका जुन्या प्रोग्राममधली होती, म्हणजे आम्ही विकलेल्या प्रत्येक यंत्रात होती.

साहेब म्हणाले, "सोमवारी दुरुस्ती पाठवू, तोवर उगाच बोभाटा नको."

आर्विदनं तिथेच इस्पितळाला फोन लावला. चूक माझी आहे, म्हणाला.

"याआधी किती पेशंटच्या बाबतीत असं झालं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. दुसऱ्याचं हृदयही पडद्यावर हृदयासारखंच दिसतं, डॉक्टर. यंत्र आत्ताच बंद करा."