फायलीवरचा नंबर

गुरुवारच्या स्कॅननंतर गिरीराज रिपोर्ट घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे." अक्षरानं विश्वास ठेवला. का ठेवू नये? नवरा होता, परका का कुणी! पोटात जुळं, दोघांना मिळून वार, म्हणजे प्लासेंटा, एकच, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी. हॉस्पिटलच्या फायलीवर फोन नंबर गिरीराजचा. तो त्यानंच लिहिला होता, आणि तिला वेडीला त्यातही मायाच दिसली होती.

रविवारी मल्लेश्वरमच्या घरी डोहाळजेवण झालं. जुळं आहे, पाचव्यातच उरकून टाकू, असं सासूबाईंनी, म्हणजे सगुणाअक्कांनी ठरवलेलं. पेढा-बर्फीच्या वाट्याही दुप्पट मांडल्या. अक्षरानं एक उघडली, पेढा. दुसरी उघडली, तिथंही पेढा! बायकांनी घर डोक्यावर घेतलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो गिरीराज.

सोमवारी सकाळी तिचं पोट टम्म ताणलं, बसल्या जागी धाप लागली. गिरीराज होसकोट्याला कारखान्यात, फोन उचलेना. अक्का देवळात. तिनं ऑटो थांबवली. "स्वल्प हळू, अण्णा," म्हणत, खड्ड्याखड्ड्याला पोट धरत एकटी हॉस्पिटलात पोचली.

काउंटरवरच्या मुलीनं फाइल उघडली मात्र, तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तीनदा फोन केला आम्ही! शुक्रवारीच यायचं होतं. सर म्हणाले, घरी फंक्शन आहे, नंतर आणतो."

अक्षराला आधी वाटलं, फाइल दुसऱ्या कुणाची असेल. नाव वाचलं. तिचंच होतं.

डॉक्टर अंजलींनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "जमिनीखालच्या एकाच टाकीचं, संपचं, पाणी दोन घरांना जातं ना, तसं आहे हे. वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्यात. एकाचं रक्त दुसऱ्याकडे चाललंय. देणारा सुकतोय, घेणाऱ्याला झेपत नाहीये. त्या वाहिन्या आजच लेझरनं बंद करायला हव्यात. देणाऱ्याचं, धाकट्याचं, मात्र अवघड आहे."

"गुरुवारी कसा होता?"

"आजच्यापेक्षा बरा होता. पण दोघांत फरक दिसला होता, म्हणूनच शुक्रवारी बोलावलं होतं."

नवऱ्याची वाट बघायची का, असं नर्सनं विचारलं. "नाही," म्हणत अक्षरानं कागद ओढला आणि सही ठोकली. मग फायलीवरचा नंबर खोडायला लावला आणि स्वतःचा घातला.

गिरीराज धावत आला तेव्हा लेझर होऊन गेलं होतं.

"तुला टेन्शन नको म्हणून गं! अक्का म्हणाली, पोटुशीला वाईट सांगू नये. माणसं बोलावून झाली होती. चार दिवसांत काय होणार होतं?"

"अक्कांना ठाऊक होतं?"

त्यानं मान खाली घातली.

"आणि माझ्या आईला?"

"त्यांनाही अक्कानंच सांगितलं." म्हणजे आईलाही! जिनं ओटी भरली, गजरा माळला, तीसुद्धा मूग गिळून बसली होती. साऱ्या घराला ठाऊक, फक्त पोट जिचं तिला नाही. अक्षराच्या अंगाचा संताप संताप झाला. केसानं गळा कापला होता तिचा, तोही तिला मखरात बसवून, कौतुकानं.

"मी वाट्या उघडत होते, अहो. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्कॅन झाला. थोरल्याचं काळीज पडद्यावर लुकलुकत होतं. धाकट्याचं हललं नाही. डॉक्टरांनी पुनःपुन्हा पाहिलं आणि अक्षराचा हात धरला.

"शुक्रवारी आले असते तर?"

"वाचलाच असता असं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाल्या. "पण संधी जास्त होती."

ती रडली. पोटावर हात ठेवून, आतल्या एकाला धक्का लागू नये म्हणून आवाज दाबून रडली. गिरीराज खुर्ची ओढून जवळ आला. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याचा फोन वाजला. पडद्यावर अक्का. त्यानं तो न उचलता अक्षराला रडवेल्या आवाजात विचारलं, "काय सांगू गं अक्काला?"

अक्षरानं डोळे पुसले.

"सांगा की," ती म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे."