अंधारकोठडीत मल्हारी आणि मंजुळाबाई

दुष्काळात अजिंठ्याकडचं पाणी आटलं, तेव्हा मल्हारीनं मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि मंजुळाबाईंना घेऊन तो शहराजवळच्या बजाजनगरात लेकीकडं, सुकेशनीकडं, राहायला आला. ती तिथल्याच एका कारखान्यात कामाला होती. तिची एकच खोली. तीत तिघं जण, शेगडी आणि टँकरच्या पाण्याचे ड्रम. उन्हाळा सरत आला तरी नवरा-बायकोला एकमेकांशी निवांत बोलायला मिळालं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सुकेशनी दोघांना शहरात घेऊन गेली. जुन्या तुरुंगाचं संग्रहालय नुकतंच उघडलं होतं. बेड्या, चाबूक, कैद्यांनी ओढायचा तेलघाणा असं सगळं बघत ते कोठड्यांपाशी आले. तेवढ्यात सुकेशनीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली.

मंजुळाबाई एका कोठडीत डोकावल्या. "अवो, इथं लई गार हाय!" म्हणत सरळ आत शिरल्या.

"मग भोग जन्मठेप," म्हणत मल्हारीही मागोमाग शिरला आणि गमतीनं त्यानं दार ओढून घेतलं. बाहेरची कडी खाडकन पडली.

त्यानं दार ढकललं. हलेना. हाका मारल्या. पहारेकरी जेवायला गेलेला.

"आता वो?"

"आता काय, अपील करू."

मंजुळाबाईंना फस्सकन हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मल्हारीनं हवालदारासारख्या मिशा पिळल्या, "कैदी, गुन्हा सांग!" तशा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. तोही शेजारी बसला. कोठडीत दोघांचं हसू घुमत राहिलं.

दम लागल्यावर मल्हारी म्हणाला, "मंजुळे, पाऊस पडला की आपण माघारी जाऊ. तू इथं कष्टी हायेस, मला दिसतंय."

"मी? मी व्हय कष्टी?"

"रोज संध्याकाळी गावाच्या वाटंकडं बघत बसतीस."

"ते तुमाला बरं वाटावं म्हणून. गावाचं नाव काढलं नाय तर तुमी म्हणाल, म्हातारी लगेच शहरात रमली." त्यांनी आवाज खाली आणला. "शेजारच्या मनकर्णाबाई मला शिलाई मशीन शिकवत्यात. झबलं शिवलं मी!"

मल्हारी जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "मी चौकात जातो ना, ते मेंढराच्या आठवणीनं नाय. तिथं उड्डाणपूल बांधायलेत. त्यो क्रेनवाला माझा दोस्त झालाय."

"म्हंजी तुमी पण नाटकच करत व्हता?"

आता हसून हसून दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नेमकं तेच सुकेशनीनं गजांतून पाहिलं. "आई! आबा!" ती किंचाळली. पहारेकरी हात न धुताच धावत आला आणि त्यानं कडी काढली.

"रडू नका ना," सुकेशनी रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हाला इथं नसंल राहायचं तर मी उद्याच गावी सोडते."

"गावी कशाला?" मंजुळाबाई उठत म्हणाल्या. "आमी काय जात नसतो. मोठी खोली बघ आता."

सुकेशनीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बापाकडं, आणि धावत येऊन दोघांच्या गळ्यात पडली. पहारेकरी बिचारा कडी धरून उभा. त्याला वाटलं, हे लोक तक्रार करणार. पण मल्हारीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"भाऊ, आमचा एक फोटू काढा. हितंच, आत."