कुंपणापासून साडेनऊ फूट

मित्रांनो, मी माप घ्यायची एक जुनी टेप आहे. पन्नास फुटांची, कापडी, चामड्याच्या गोल डबीत राहणारी. डबीवरची पितळी दांडी फिरवली की मी आत गुंडाळली जाते. भांडुपच्या गावठाणातल्या इग्नेशियसने मला विकत घेतलं, तेव्हा तो नुकताच घरांचा एजंट झाला होता. वडिलांची भातशेती गेली होती आणि तिथे इमारती उभ्या राहत होत्या. लोक त्याला तोंडावर एजंट म्हणत आणि मागून दलाल.

सुरुवातीची वर्षं फार कामाची गेली. कुणी ब्लॉक बघायला आलं की इग्नेशियस माझं एक टोक त्यांच्याच हातात देई. "धरा भिंतीला. बिल्डर काय सांगतो ते सोडा, आत जागा किती ते तुम्हीच वाचा." कधी खोली फूटभर आखूड निघे आणि सौदा मोडे. इग्नेशियसची खेप फुकट जाई. पण तीच माणसं पुढे आपल्या भावाला, मेहुण्याला त्याच्याकडे पाठवत.

मग धंदा वाढला. बिल्डर छापील नकाशे देऊ लागले. नकाशात सगळं आहे, असं म्हणत इग्नेशियसने मला टेबलाच्या खणात टाकलं. जवळजवळ दोन वर्षं मी तिथे पडून होते. वरून बोलणी ऐकू येत आणि मला वाटे, अरे, एकदा तरी मोजून बघ.

१९८६ साली लवू परब आणि त्याची बायको सुगंधा इग्नेशियसच्या दुकानात आली. संपात गिरणी सुटल्यावर लवू मुलुंडच्या एका औषधांच्या कंपनीत लागला होता. इग्नेशियसने त्यांना नाहूरच्या नव्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक दाखवला. बिल्डर होता चंद्रप्रकाश शेठ. लवूने इसार दिला आणि त्या भरवशावर लालबागची खोली सोडायची तारीखही ठरवून टाकली.

करारावर मंगळवारी सह्या व्हायच्या होत्या. आदल्या रविवारी सुगंधा म्हणाली, "माझं कपाट स्वयंपाकघरात बसेल ना, ते बघायचं आहे." तेवढ्यासाठी मी खणातून बाहेर आले.

कपाट बसत होतं. सुगंधा खूश होऊन जिना उतरली. खाली मात्र इग्नेशियस थबकला. इमारतीच्या कुंपणावर पालिकेच्या माणसांनी चुन्याने ताजी खूण केली होती. त्याने खिशातून नकाशा काढला. इमारत कुंपणापासून अठरा फूट आत, असं त्यात लिहिलं होतं.

"वहिनी, हे टोक जरा कुंपणाला धरा."

तो मला ओढत भिंतीपर्यंत गेला. माझ्यावरचा आकडा त्याने वाचला, पुन्हा वाचला. साडेनऊ फूट.

"काय झालं?" सुगंधाने विचारलं.

"काही नाही. उद्या सांगतो."

सोमवारी सकाळी तो पालिकेच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने रस्ता रुंदीचा नकाशा उलगडून दाखवला. कुंपणापासून बारा फूट जागा रस्त्यात जाणार होती. नकाशाप्रमाणे बांधली असती तर इमारतीला धक्काही लागला नसता. आता दर्शनी भिंत अडीच फूट रस्त्यात येत होती, आणि त्या भिंतीला लागूनच सुगंधाचं स्वयंपाकघर होतं.

इग्नेशियसने शेठना फोन केला. दुपारी शेठ स्वतः दुकानात आले. आवाज चढवला नाही, उलट हसले. "अरे, तो रस्ता वीस वर्षं कागदावर आहे. आणखी वीस वर्षं राहील. तू उगाच त्यांना घाबरवू नकोस. माझ्या पुढच्या दोन्ही इमारती तुझ्याच हातून विकायच्या आहेत मला."

संध्याकाळी इग्नेशियस लवूच्या चाळीत हे सांगायला निघाला आणि भांडुप स्टेशनवरूनच परत फिरला. त्याची बायको मॉनिका म्हणाली, "जेवत का नाहीस?" तो ताट सरकवून उठला.

मंगळवारी अकरा वाजता शेठच्या ऑफिसात सगळे बसले होते. टेबलावर स्टँप पेपर. बाहेरच्या बाकावर ब्लॉक बघायला आलेली चार-पाच माणसं. मी इग्नेशियसच्या खिशात होते. त्याचा हात माझ्या डबीवर होता आणि त्या हाताचा घाम चामड्यात मुरत होता. शेठ एकेक पान उलटून लवूला फुल्या दाखवत होते. "इथे. आणि इथे."

लवूने पेनाचं टोपण काढलं.

बोल रे, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात इग्नेशियसने मला काढून त्या कागदावरच ठेवलं.

"लवूभाऊ, सही करू नका. तुमचं स्वयंपाकघर रस्त्यात जाणार आहे."

त्याने सगळं सांगितलं. साडेनऊ, बारा, अडीच. लवूचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"तूच आणलंस ना आम्हाला इथे? खोली सोडायला दहा दिवस उरलेत रे!"

"मीच आणलं. आधी मोजायला हवं होतं, मोजलं नाही. चूक माझी आहे."

"रविवारीच का नाही बोललात?" सुगंधाने विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि तोच इग्नेशियसला जास्त लागला.

"रविवारी खात्री नव्हती. काल होती, पण धीर झाला नाही, वहिनी."

शेठ उठून उभे राहिले. "इग्नेशियस, या लाइनीत तुझी वाट लागली समज. आणि इसार परत मिळणार नाही."

लवू उठला. सुगंधा मात्र हलली नाही. "पैसे हातात मिळेपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही," ती म्हणाली. मग मुद्दाम मोठ्याने, "बाहेरच्यांनाही कळू दे कुठली भिंत पडणार ती."

बाकावरची माणसं दाराशी येऊन उभी राहिली. शेठनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाट उघडून पैसे टेबलावर आपटले.

रस्त्यावर आल्यावर लवू इग्नेशियसकडे न बघता सुगंधाला घेऊन निघून गेला. तीन दिवसांनी इग्नेशियस चाळीत गेला आणि म्हणाला, "गावठाणात माझ्या घरामागे एक खोली आहे. घर मिळेपर्यंत राहा."

"नको तुझे उपकार," लवू म्हणाला.

सुगंधा मध्ये पडली. "उपकार कसले? भाडं देऊ, राहू. पोरांना घेऊन फुटपाथवर जावचा काय?"

पाच महिने परब मंडळी तिथे राहिली. शेठनी बोलल्याप्रमाणे केलं. एकही बिल्डर इग्नेशियसला काम देईना. त्या रिकाम्या दिवसांत तो नाहूरच्या इमारतीत ब्लॉक घेणाऱ्यांच्या दारोदार मला घेऊन फिरला. काहींनी ऐकलं. बाकीचे हसले.

शेवटी मुलुंड पूर्वेला एक जुना, दोन खोल्यांचा ब्लॉक मिळाला. सुगंधाने भिंती मोजल्या, इग्नेशियसने पालिकेत जाऊन कागद पाहिले, आणि मगच लवूने सही केली. पेन ठेवून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी कंपनीतल्या दोघांना घेऊन येतो. त्यांना घर हवंय." इग्नेशियसने मान वळवून डोळे पुसले.

दोन वर्षांनी नाहूरचा रस्ता खरंच रुंद झाला. आम्ही पाहायला गेलो. पहिल्या मजल्यावरच्या एका ओट्यावर डबे तसेच मांडलेले होते आणि पुढची भिंत नव्हती. एक बाई त्या उघड्या जागेत उभी राहून खाली बघत होती. इग्नेशियसने तिच्याही दारावर थाप मारली होती.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. ओढून ओढून माझं कापड ताणलं गेलंय. मागच्या वर्षी इग्नेशियसने मला नव्या पोलादी टेपशेजारी जमिनीवर पसरलं, तेव्हा दहा फुटांत मी पाऊण इंच चुकत होते. त्याने मला हळूच गुंडाळलं आणि म्हणाला, "आता तुझ्यावर कुणाचं घर ठरवायचं नाही गं." मला वाईट वाटलं, पण तो बरोबर होता.

मोजायच्या वस्तू जपून वापरा. त्यांना ताणू नका, ओल्या गुंडाळू नका, आणि त्या चुकू लागल्या तर मायेपोटी कामावर ठेवू नका. तुमच्या हातूनही कधी चूक होईल. ती सांगायला उशीर करू नका. समोरच्याने तोवर आपली खोली सोडलेली असते.