एका रद्द संज्ञेचा वस्तरा

डाव्या अंगठ्याचं नख, साबणाच्या पाण्यात भिजलेलं.

अर्धं गाजर.

निवडुंगाचा काटा म्हणजे पान, लिंबाचा काटा म्हणजे फांदी, आणि गुलाबाचा काटा म्हणजे नुसती साल.

चारशे बारा काचपट्ट्या. त्यांत शोधलं ते एकीतही नव्हतं.

"डब्याला भोक पडलं, तर ते भोक डब्याचा भाग का?"

मित्रांनो, हे सगळे एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. मला तुकडे करायचीच सवय आहे, जोडायची नाही, म्हणून थोडं सांभाळून घ्या. मी वस्तरा आहे. जुना, शिंगाच्या मुठीचा. आणि मला लाज वाटते.

मी ज्या खोलीत राहतो, तिथली माणसं कुठल्याही गोष्टीची ओळख एका ठरावीक पद्धतीने करून देतात. मीही तशीच करून देतो.

वस्तरा
कशाचा प्रकार: कापण्याचे साधन.
त्याचे भाग: पाते, मूठ, दोघांना जोडणारी खीळ.
व्याख्या: मुठीत मिटता येणारे, एकाच बाजूला धार असलेले साधन.
टीप: धारेत खाच आहे. डोळ्यांना दिसत नाही.

मला घडवलं तेव्हाचं फारसं आठवत नाही. आग, पाणी, पुन्हा आग. मग एक केशकर्तनालय, त्यात दोन खुर्च्या आणि एक आरसा. तिथे माझे पहिले मालक मला चालवत. गिऱ्हाइकं डोळे मिटून मान मागे टाकत आणि त्यांना झोप लागे. वस्तऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. लोक केसाने गळा कापतात म्हणे. मी वस्तरा असून माझ्या हातून कुणाला ओरखडा उठला नव्हता.

त्याचं कारण मी नव्हे, मालकांचा नेम. रोज सकाळी ते डाव्या अंगठ्याचं नख साबणाच्या पाण्यात बुडवत आणि त्यावरून माझी धार टोकापासून मुठीपर्यंत अलगद ओढत. धारेत केसाएवढी जरी खाच असली तरी ती नखाला अडते, दाताखाली खडा यावा तशी. ते म्हणत, "गिऱ्हाइकाच्या गालाआधी आपलं नख."

पुढे वापरून फेकायची पाती आली. एक खुर्ची गेली, मग दुसरी गेली. मालकांच्या मुलाला वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी लागली. वडिलांकडून त्याने दोनच गोष्टी घेतल्या. एक मी, दुसरा तो हलका हात. नखाचा नेम माझ्यासोबतच आला.

ती खोली लांबट आहे. उत्तरेला चार खिडक्या, मध्ये दगडी ओटा, ओट्याच्या टोकाला लोखंडी बेसिन. डाव्या हातात देठ धरायचा, उजव्या हातात मी, आणि एका दमात आपल्याकडे ओढायचं. पडणारी चकती इतकी पातळ की तिच्याखाली वर्तमानपत्र ठेवलं तर वाचता येई. हा छेद काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या आतल्या पेशी खोल्याखोल्यांच्या घरासारख्या दिसतात. मालकांच्या मुलाला सगळे पातळकाका म्हणू लागले. काकांचं पोट ओट्याला टेकत असे. मोठ्या बाई म्हणायच्या की पातळकाकांमध्ये पातळ असं एकच आहे, छेद.

मोठ्या बाई परिभाषेच्या प्रमुख. आता परिभाषा म्हणजे काय? तुम्ही काटा म्हणता, मीही काटा म्हणतो. पण निवडुंगाचा काटा हे पान असतं, लिंबाचा काटा ही फांदी असते, गुलाबाचा काटा हा सालीचा उंचवटा असतो. तिघांना एकच नाव दिलं, तर एका देशातल्या माणसाने लिहिलेलं दुसऱ्या देशातल्या माणसाला भलतंच कळतं. म्हणून झाडाच्या प्रत्येक भागाला एक नाव, एक व्याख्या आणि एक क्रमांक द्यायचा. शिवाय दोन गोष्टी नोंदवायच्या: तो कशाचा प्रकार आणि कशाचा भाग. मग ही यादी सगळ्यांसाठी खुली करायची. लहान वाटलं तरी हे काम फार जपून करावं लागतं. एका शब्दासाठी त्या खोलीत तीन तीन दिवस भांडण चाले आणि चहा गार होई.

पंचवीस वर्षं त्या परिभाषेसाठी मी कापलं. मला वाटे, या शब्दांना मी आतून पाहिलं आहे. तो माझा तोरा होता.

मग मी पडलो.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं अधूनमधून बधिर होऊ लागली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, घरी काकूंनाही नाही. निवृत्तीला तीन वर्षं होती. हात गेला असं एकदा म्हटलं गेलं, की लेबलं चिकटवायला बसवतील, ही धास्ती. त्या संध्याकाळी ते मला धूत होते आणि मी त्यांच्या बोटांतून सुटलो. बेसिनच्या लोखंडी काठावर माझी धार आपटली. आवाज अगदी थोडा झाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

काकांनी नख भिजवलं आणि मला त्यावरून ओढलं. मी अडलो.

त्यांनी पुन्हा ओढलं. मी पुन्हा अडलो, त्याच जागी.

मागच्या फाटकाशी एक धारवाला येई. पातं हातात घेताच तो सांगे कधी पडलं आणि कशावर, आणि तेही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. काकांनी मला मिटलं, पुसलं आणि खणात ठेवलं. म्हणाले, "इतकीशी तर आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर नखावर धार पाहणं त्यांनी सोडून दिलं.

मित्रांनो, मी तेव्हा बोलू शकत नव्हतो ही सबब खरी आहे. पण लाज सबबीने जात नाही.

धाकट्या बाई नव्याने आल्या होत्या. त्या एका रानवेलीचा अभ्यास करत. वेलीचा देठ चांगला जाड, हातात धरून कापता येई. काका देठाच्या एका बाजूला शाईचा ठिपका देत आणि ती बाजू नेहमी आपल्याकडे धरत. देठ नेहमी माझ्या मधल्या धारेवर येई, म्हणजे खाच असलेल्या जागी. त्यामुळे दर छेदात, ठिपक्याच्या बाजूने आत, एका सरळ ओळीत पेशींच्या भिंतींना बारीक फटी पडत. एका छेदात पडल्या असत्या तर त्याला चूक म्हटलं असतं. सत्तर छेदांत, एकाच जागी पडल्या. त्याला शोध म्हटलं गेलं.

धाकट्या बाईंनी त्याला नाव दिलं. फटरांग.

फटरांग
कशाचा प्रकार: (वाद चालू)
कशाचा भाग: देठाच्या सालीखालचा थर.
व्याख्या: पेशीभित्तिकांमधील, बाहेरून आत सरळ रेषेत जाणाऱ्या बारीक फटींची ओळ.
सुचवणार: धाकट्या बाई.

हे त्यांचं पहिलं नाव. त्यांनी घरी फोन करून आईला सांगितलं. आईने विचारलं की याचा उपयोग काय, तर त्या हसून म्हणाल्या की उपयोग नंतर होतो, आधी नाव ठेवतात, तू नाही का माझं ठेवलंस. मी खणात होतो, सगळं ऐकत होतो.

वाद दोन दिवस चालला. मोठ्या बाईंचं म्हणणं, फट म्हणजे काही नसणं. काही नसणं हा झाडाचा भाग कसा होईल?

"डब्याला भोक पडलं, तर ते भोक डब्याचा भाग का?" त्यांनी विचारलं.

"चाळणीची भोकं चाळणीचा भाग असतात," धाकट्या बाई म्हणाल्या. "ती काढली तर चाळणीचं ताट होईल."

सगळे हसले. मोठ्या बाईंनी हात टेकले. शेवटी एवढंच विचारलं, दुसऱ्या कुणी कापून पाहिलं आहे का?

"काकांनी कापलंय की."

आणि वाद मिटला. काकांचा छेद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काका बेसिनपाशी पाठमोरे उभे होते. त्यांच्या हातात एक काचपट्टी होती, ती केव्हाच धुऊन झाली होती. ते तिला धूतच राहिले.

काकांना माहीत होतं का? खाच माहीत होती. फटरांग तिचीच, हे माहीत नव्हतं, कारण ते त्या दिवसांत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतच नसत. चष्मा विसरलो म्हणत. चष्मा खिशात असे.

फटरांगेला क्रमांक मिळाला. यादी खुली झाली. पुढे दीड वर्ष काकांनी ताकास तूर लागू दिली नाही.

मग एक पत्र आलं, लांबच्या एका प्रयोगशाळेतल्या विद्यार्थिनीचं. धाकट्या बाईंनी ते ओट्यापाशी उभं राहून वाचून दाखवलं. तिने तीच वेल मिळवून चारशे बारा छेद घेतले होते. फटरांग एकातही दिसली नव्हती. तिचे मार्गदर्शक म्हणत होते की तुझा हात कच्चा आहे, हे काम तुला जमायचं नाही. पत्राच्या शेवटी होतं: माझं काय चुकतं आहे ते कृपा करून सांगाल का? मी अजून पातळ कापायचा प्रयत्न करते आहे.

धाकट्या बाईंना तिची कीव आली. काकांना म्हणाल्या की तिच्यासाठी एक नमुना कापून द्या, कसं कापायचं ते तिला कळेल.

काकांनी मला खणातून काढलं. वेलीचा देठ समोरच होता. त्यांनी तो बाजूला सारला. टोपलीत गाजरं होती. नाजूक पान कापायचं झालं की ते गाजराच्या फटीत धरून कापतात, त्यासाठी ठेवलेली. काकांनी अर्धं गाजर घेतलं, त्याला शाईचा ठिपका दिला, ती बाजू आपल्याकडे धरली आणि मला एका दमात ओढलं. तो छेद सुरेख पडला. काचपट्टीवर ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि खिशातून चष्मा काढला. दीड वर्षात पहिल्यांदा डोळा लावला. बराच वेळ लावला.

"बघा," ते म्हणाले. "गाजरालाही आहे."

धाकट्या बाईंनी पाहिलं. बाहेरून आत, सरळ ओळीत, बारीक फटी.

"गाजराला कशी असेल, काका?"

"वेलीची नाहीच ती. माझ्या वस्तऱ्याची आहे. बेसिनवर पडला होता."

"कधी?"

"तुम्ही आलात त्या महिन्यात."

धाकट्या बाई स्टुलावर बसल्या. टेबलावर पत्र होतं, त्याची घडी त्यांनी दोनदा घातली, दोनदा उघडली. मग विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलं.

"हात गेला म्हणाला असतात तुम्ही."

"म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि दुसरा वस्तरा दिला असता."

काकांनी मला मिटून त्यांच्यासमोर ठेवलं.

यादीतला शब्द पुसता येत नाही, हा तिथला नियम आहे. ज्यांनी तो वापरला त्यांना तो सापडला पाहिजे, आणि का काढला तेही कळलं पाहिजे. क्रमांक तसाच राहतो, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मोठ्या बाईंनी नोंद उघडली आणि धाकट्या बाईंना हळूच म्हणाल्या की हवं तर तुझं नाव काढते. धाकट्या बाई म्हणाल्या, राहू द्या.

फटरांग. रद्द.
कारण: ही रचना वनस्पतीची नाही. छेद घेणाऱ्या वस्तऱ्याच्या धारेतील खाचेमुळे पडलेला ओरखडा.
सुचवणार: धाकट्या बाई.

काका म्हणाले, कुणाचा वस्तरा तेही लिहा. मोठ्या बाई म्हणाल्या, तेवढी जागा नाही. जागा होती. मी पाहिली.

त्या विद्यार्थिनीला पत्र गेलं. काकांनी सांगितलं आणि धाकट्या बाईंनी लिहून घेतलं: बाई, तुमचा हात चांगला आहे. तुमच्या चारशे बारा काचपट्ट्या बरोबर आहेत. चुकलो ते आम्ही. सही करताना काकांच्या बोटांतून पेन सुटलं. या वेळी त्यांनी ते लपवलं नाही.

काका आता लेबलं लावतात, ज्याची धास्ती होती तेच. ते म्हणतात की हे कामही पातळ हाताचंच आहे. खोलीत नवा कुणी आला की ते आधी त्याचं नख भिजवायला लावतात, मग गाजर कापायला लावतात, आणि गाजर निर्मळ दिसलं तरच झाडाला हात लावू देतात.

मला धार लावू नये, असं धाकट्या बाईंनी ठरवलं. पुरावा जसा आहे तसा ठेवायचा. मी एका काचेच्या डब्यात, कापसावर आहे. डब्यावर फटरांगेचा क्रमांक आहे. नवे लोक वाकून बघतात, त्यांना काही दिसत नाही. खाच दिसली असती तर बरं झालं असतं.

खाच
कशाचा प्रकार: काही नसणे.
कशाचा भाग: माझा? मोठ्या बाईंना विचारायला हवे.

मित्रांनो, आम्हां वस्तूंची माणसांकडे नेहमीची मागणी असते: आम्हाला पुसा, तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. काकांनी ते सगळं केलं होतं, पडलो त्या दिवशीसुद्धा. माझी मागणी वेगळी आहे. तुमच्या हातून काही निसटलं, तर शेजारी जो असेल त्याला सांगा. शेजारी कुणी नसलं, तर दुसऱ्या दिवशी सांगा. लांब कुठेतरी कुणीतरी आपलाच हात कच्चा समजून आणखी पातळ कापायचा प्रयत्न करत असतं.

मी पडलो तो सोमवार होता. धारवाला दर मंगळवारी सकाळी मागच्या फाटकाशी येई, आणि त्या मंगळवारीही आला होता.