दोरी काढण्याआधी

मन लावून एखादं काम करावं, भीतभीत कुणापुढे ठेवावं आणि त्याने वर न बघताच ते परत सरकवावं, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. कचेरीत आहे, शाळेत आहे, घरातही आहे. परत सरकवणारा दरवेळी वाईट असतो असं नाही. पुष्कळदा तो नुसता दमलेला असतो. ही गोष्ट अशाच एका दमलेल्या, भल्या माणसाची आहे.

तो दिवसा नोकरी करी आणि संध्याकाळी घरी बिनपगारी काम. ज्यांची नजर मंदावली आहे, त्यांना फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. ज्याला कोड लिहिता येतो त्या कुणीही तो उघडून पाहावा, चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवावी, अशी त्याची रीत. आलेली दुरुस्ती तपासायची आणि ती घ्यायची की परत करायची हे ठरवायचं, हे काम याच्याकडे होतं. घरात सगळे त्याला थट्टेने तपासनीस म्हणत. आपणही तेच म्हणू.

पूर्वी तपासणारे बरेच जण होते. कुणी संसारात गुंतला, कुणी कंटाळला, आणि ज्यांनी हा प्रोग्राम सुरू केला ते मास्तर वारले. उरला हा एकटा. दुरुस्त्या मात्र येतच राहिल्या. हा चष्मा कपाळावर ढकलून एकेक उघडी, वरच्या चार ओळी बघी आणि खाली लिही, 'नियमात बसत नाही. परत.' एवढंच. जेवणाचं ताट वाढून निवत असे.

त्याच घरात त्याची आत्या राहायची. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. चार नंबरच्या बोर्डासमोर बसायचं आणि त्यातल्या भोकांत दोऱ्या खोचून लोकांचे फोन जोडून द्यायचे. आता तिच्या डोळ्यांपुढे धुकं आलं होतं. भाच्याचाच प्रोग्राम तिला बातम्या आणि निरोप वाचून दाखवी.

एका संध्याकाळी तिने फोन त्याच्या कानाजवळ धरला. "अरे तपासनीस, हे तुझं यंत्र काय बडबडतंय ते ऐक जरा."

तिच्या शेजारच्या बोर्डावर बसणारी जुनी मैत्रीण, जिला एक्स्चेंजमध्ये सगळे 'पाच नंबर' म्हणत, लेकीकडे कायमची राहायला गेली होती. तिने आपला नवा नंबर पाठवला होता. फोनमधला आवाज शांतपणे वाचू लागला, "नऊ अब्ज ब्याऐंशी कोटी सत्तेचाळीस लाख..."

"ऐकलंस? मी मैत्रिणीचा नंबर विचारला, हा मला सरकारचं अंदाजपत्रक वाचून दाखवतोय."

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं.

"दे, मी लावून देतो," तपासनीस म्हणाला. "पाच मिनिटं थांब फक्त."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. आणि मग फोन लावून तू इथेच उभा राहणार. आम्ही दोघी काय बोलणार, कप्पाळ? अख्ख्या शहराला मी जोडून दिलं रे. आता माझ्या मैत्रिणीशी बोलायला तुझं बोट लागावं? त्याला म्हणावं, एकेक आकडा सुटा वाच. बटणं माझी मी दाबते. ती माझ्या बोटांना पाठ आहेत."

"तशी दुरुस्ती आली होती," पडद्यावरची नजर न काढता तो बोलून गेला.

"मग?"

"परत केली."

"चुकीची होती?"

"तिथवर गेलोच नाही मी. लिहिण्याची पद्धत आपल्या नियमात नव्हती. त्याने दोन-तीनदा पाठवली, मी परत केली. आता येत नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

"कोण आहे तो?"

"काय माहीत. खरं नाव कुणी लावत नाही इथे. स्वतःला 'रिकामटेकडा' म्हणवतो."

"रिकामटेकडा म्हणे! माझ्या उपयोगाचं काम तेवढं त्यानेच केलं आणि रिकामटेकडा तो."

तपासनीस वैतागला. "आत्या, ढिगाने येतात गं रोज. प्रत्येकाला समजावत बसू?"

"आम्ही बोर्डावर काय माश्या मारत होतो?" आत्या खुर्चीत सावरून बसली. तिचा आवाज मात्र खाली आला. "समोर सगळीकडे दिवे लुकलुकायचे. कानावरचा तो जड पट्टा दुखायचा. प्रत्येक दिवा म्हणजे कुणीतरी ताटकळलेलं माणूस. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण. आणि आमच्यामागे मोठ्या बाई फिरायच्या. त्यांच्या चपलांचा आवाजही यायचा नाही. त्यांचा एकच दंडक होता. जोड लागला नाही, तर दोरी काढण्याआधी माणसाला सांगायचं. लाइन गुंतली आहे, की तिकडे कुणी उचलत नाही, की नंबर बदललाय. आणि पुन्हा कधी करावा तेही. नुसती दोरी उपटली, की खांद्यावर बाईंचं बोट पडायचं. म्हणायच्या, 'तो अजून हॅलो हॅलो करतोय गं तिकडे.'"

"पण नियम नकोत का?"

"हवेतच. चुकीचा जोड दे असं मी कुठे म्हणते? का देत नाहीस ते सांग म्हणते." तिने मान त्याच्याकडे वळवली. "तुझी पहिली दुरुस्ती आठवते? मी पोळ्या करत होते. तू स्वयंपाकघरात धावत आलास आणि तुझ्या त्या मास्तरांचं उत्तर मला वाचून दाखवलंस. मला त्यातलं काही कळलं नाही. पण तू नाचत होतास."

 तपासनिसाला ते उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं. त्याची ती दुरुस्ती म्हणजे नुसता गोंधळ होता. मास्तरांनी लिहिलं होतं, 'तुमचा बदल मी माझ्याकडे चालवून ऐकला. आपला आवाज आज पहिल्यांदा स्वल्पविरामाला थांबला. फार बरं वाटलं. पुढे तो मोठ्या वाक्यात अडखळतो. चला, ते दोघे मिळून बघू.' मास्तर कुणाचीही दुरुस्ती आधी चालवून ऐकत आणि मगच लिहीत. त्या काळी हे काम संपूच नये असं वाटे. ताट तेव्हाही निवायचं, पण ते आनंदाने.

त्याने रिकामटेकड्याची दुरुस्ती उघडली आणि पहिल्यांदाच चालवून ऐकली. फोन नंबर एकेक आकडा सुटा, स्वच्छ आला. मात्र पुढे गडबड होती. घराची किंमत, धरणातलं पाणी, सगळ्याच मोठ्या संख्या तो सुट्या आकड्यांत वाचत होता. म्हणजे ती तशीच घेता आली नसतीच. पण हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं! तो बिचारा दर वेळी वरवरची मांडणी बदलून पाठवत राहिला होता आणि खरा दोष जागच्या जागी होता.

तपासनिसाने लिहिलं, 'मी तुमची दुरुस्ती न ऐकताच परत केली, ही माझी चूक. आज ऐकली. आमच्या घरात एकजण हिचीच वाट पाहतेय. एक अडचण आहे, ती खाली समजावून लिहितो. मांडणीचे नियमही उदाहरण देऊन सांगतो. पुन्हा पाठवाल का?'

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्याही पुढच्या दिवशी नाही. तो पुन्हा पुन्हा उघडून बघे. एकदा न राहवून म्हणाला, "आत्या, मीच लिहून टाकतो ती दुरुस्ती. तासाचं काम आहे."

"तुझ्या तासाने माझा फोन लागेल. पण त्याचं काय? तो तिकडे लाइनवर आहे की गेला, ते बघ आधी. मी थांबते."

अखेर उत्तर आलं. 'मला वाटलं होतं, इथे यंत्रच उत्तरं देतं. माणूस बसतो हे माहीत नव्हतं. करून पाठवतो.' आणि पाठवली. ती अजून थोडी लंगडत होती. दोघांनी लिहून-पुसून ती सरळ केली आणि प्रोग्राममध्ये ती रुजू झाली.

आत्याने निरोप उघडला. आवाज म्हणाला, "नऊ, आठ, दोन, चार..." आत्याचं बोट आकड्यामागे आकडा दाबत गेलं, कुठेही न चाचरता. पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी थकल्या आवाजात विचारलं, "कोण?"

आत्याची पाठ ताठ झाली. एक्स्चेंजमधला तो जुना आवाज घरात बऱ्याच वर्षांनी उमटला. "चार नंबर बोलतेय. बोला, कुठे जोडून देऊ?"

पलीकडून असं हसू आलं, की ते थांबेचना. तपासनीस कुणी न सांगताच उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोशेजारी जेवायला बसला.

पुढे रिकामटेकडाही दुरुस्त्या तपासू लागला. मग आणखी एक आला. तपासनिसाचं ओझं हलकं झालं. ज्यांना तो वेळेअभावी हाकलत होता, तेच त्याला वेळ देणारे निघाले.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या हातात कुणाची ना कुणाची दोरी असते. सगळ्यांनाच जोडून देणं आपल्याला जमणार नाही, आणि कधी कधी ते योग्यही नसतं. 'नाही' म्हणायचा अधिकार आपल्याला आहे. पण ते समोरच्याचं ऐकून म्हणावं आणि कारण सांगून म्हणावं. दोरी काढण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं, की पलीकडे कुणीतरी अजून हॅलो हॅलो करत आहे.