तुळसापेक्षा मोठं मशीन

मंजुळेला जावेचा हेवा वाटायचा, हे कळव्याच्या कोळीवाड्यात कुणाला सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच ते लपवत नसे. धाकटी जाऊ तुळसा डोंबिवलीत, मानपाड्याला ब्लॉकमध्ये राहायची, केसांना शांपू लावायची. एवढं मंजुळेने पोटात घातलं असतं. पण थंडीत आवडाबाईंना, म्हणजे दोघींच्या सासूला, खोकला लागला आणि तुळसा त्यांना उचलून आपल्याकडे घेऊन गेली. इतकी वर्षं सासूचं सगळं केलं मंजुळेने, आणि आता वाहवा तुळसाची! मंजुळेचा नुसता जळफळाट चालला होता.

आणि वाहवा कशाची, तर एका डब्याची. कारखान्यांचा वास घरात येतो म्हणून तुळसाच्या नवऱ्याने हवा शुद्ध करायचं मशीन आणलं होतं. बटण दाबलं की ते गुणगुणायचं आणि घरातला वास खाऊन टाकायचं. त्यातून ओझोन निघतो, वीज कडाडल्यावर हवेत असतो तोच, असं तुळसा सगळ्यांना सांगत सुटली होती. वर म्हणाली, कळव्याच्या घरात सुक्या बोंबलांचा वास भरलेला, तिथे म्हातारीची छाती बरी कशी होणार? हे मंजुळेच्या कानावर आलं, त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मार्चमध्ये आवडाबाईंचा निरोप आला, रविवारी येते. राहायला की नुसतं भेटायला, ते काही कळेना. मंजुळेने सोन्याच्या बांगड्या करायचा बेत मोडला आणि नवऱ्याला, गोमाजीला, ठाण्याच्या प्रदर्शनात पिटाळून तुळसापेक्षा मोठं मशीन आणवलं. घरातले बोंबील शेजारणीकडे नेऊन टाकले, खिडक्या घट्ट लावल्या आणि आदल्या दिवसापासून मशीन चालू ठेवलं. सकाळी तिचा घसा खवखवत होता, डोळे चुरचुरत होते. पण घराला कसलाच वास नव्हता. आता म्हातारी जाते कशी परत, ते बघू, असं तिच्या मनात आलं.

आवडाबाईंना मोतीबिंदूने धूसर दिसायचं. गोमाजीचा हात धरून त्या आत आल्या, थबकल्या, आणि खोकल्याची अशी उबळ आली की भिंतीला धरून खालीच बसल्या. गोमाजीने त्यांना उचलून अंगणात नेलं. नाक्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मंजुळेला फैलावर घेतलं. जो वायू वास जाळतो तो छातीही आतून जाळतो, डब्यावर आरोग्य लिहिलंय म्हणून माणसांच्या खोलीत तो सोडायचा नसतो, असं त्यांनी बजावलं.

मंजुळेने मशीन बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि सासूच्या पायाशी येऊन बसली.

"तुलसाकडं त्या डब्यानं छाती जलते माजी," आवडाबाई दम घेत म्हणाल्या. "म्हून तर आयले, कायमची."

मंजुळेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तुळसाने मायेपोटी केलं होतं. हिने हेव्यापोटी.

"आये, ऱ्हाशील ना मग?"

आवडाबाईंनी कपड्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"दारान पाय ठेवला तं मना वाटलं, भलत्याच घरान आयले. पयला घराला घराचा वास येऊ दे. मंग पिशवी सोडते."

मंजुळा उठली आणि बोंबील आणायला शेजारणीकडे गेली.